चोर सोडून बॅटरीला फाशी

श्रोतेहो, मोटार बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत. एक रस्त्यात बंद पडण्याचा. त्यात निदान चार माणसे जमतात, कुणी बॉनेट उघडतो, कुणी सल्ला देतो, कुणी मागून धक्का मारतो. दुसरा प्रकार दारात बंद पडण्याचा. रात्री गाडी ठणठणीत असते. सकाळी चावी फिरवली की ‘कट्’ असा एकच आवाज येतो, समोरचे लाल दिवे मंदावतात आणि सगळे शांत होते. रात्रीत काहीही घडलेले नसते. कुणी गाडी चालवलेली नसते, दिवे चालू राहिलेले नसतात, दारेही नीट बंद असतात. तरी बॅटरी रिकामी झालेली असते. आज मला या दुसऱ्या प्रकाराविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

मी मेकॅनिक नाही. माझे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेही मराठी घेऊन, आणि लिहितो त्या कविता. पण हे दुखणे माझ्या दारात आले, ते ज्याने शोधून काढले त्या माणसाच्या शेजारी मी एक अख्खी दुपार कंदील धरल्यासारखा बॅटरीचा दिवा धरून बसलो, आणि त्या दुपारी जे पाहिले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असे वाटते.

आमची गाडी २००३ सालची. छोटी, पेट्रोलवर चालणारी. २०१८ मध्ये तिला पंधरा वर्षे झाली, तेव्हा फेरनोंदणी केली. २०२३ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी केली. ‘आता विका भाई’ असे सांगणारे पुष्कळ होते. पण २०२४ च्या मार्चपासून माझ्या पत्नीचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी साडेसहाला. आम्ही चिपळूणचे, गोवळकोटकडचे. इस्पितळ घरापासून वीसएक किलोमीटर. पहाटे त्या वेळेला बस नाही आणि पावसाळ्यात रिक्षाचा भरवसा नाही. ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. यंत्रे मोजकी असतात, प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, आणि एक पाळी चुकली तर अंगात साठलेले पाणी पुढच्या पाळीपर्यंत वाट पाहत नाही. धाप लागते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा पहाटे ही गाडी सुरू होणे, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घराचा तोल उभा होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी फजरच्या नमाजनंतर मी चावी फिरवली आणि तो ‘कट्’ आवाज ऐकला. शेजाऱ्यांनी त्यांची जीप आणून जंपर केबल लावली, गाडी सुरू झाली, आम्ही वेळेवर पोहोचलो. बॅटरी चार वर्षांची होती. तिचे वय झालेच होते, म्हणून नवी घेतली. मंगळवार नीट गेला, शनिवार नीट गेला. पुढचा मंगळवार नीट गेला. त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा तोच आवाज. नवी कोरी बॅटरी, गाडी दारात, आणि दिव्यांचा तो मलूल लाल रंग.

दुकानदाराने बॅटरी तपासली, रात्रभर चार्ज केली आणि सांगितले, बॅटरीत काही दोष नाही. दुसऱ्या एकाने सांगितले, अल्टरनेटर गेला असेल, नवा टाका. तिसऱ्याने सांगितले, सगळे वायरिंगच बदला, जुन्या गाडीला तोच इलाज. तिघेही अनुभवी, पण तिघांपैकी कुणी काही मोजले नव्हते. माझी पत्नी मागच्या सीटवर बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “माझं पाणी कपाकपानं मोजतात. या गाडीचं किती जातंय ते कोण मोजणार?”

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि तो प्रश्न घेऊन मी बहादूरशेख नाक्याजवळच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. गाडी कोणत्या दिवशी बंद पडते? त्याआधी किती तास उभी असते? आणि चालते तेव्हा किती वेळ चालते? मी सांगितले, दोन्ही वेळा शनिवारीच. ते हसले. म्हणाले, “भाई, बॅटरीला वार कळत नाय. शनिवारच्या आधी गाडी जास्त दिवस उभी असते, एवढंच.”

खरेच होते. मंगळवारी दुपारी परत आलेली गाडी शनिवारी पहाटेपर्यंत जवळजवळ नव्वद तास उभी राहते. शनिवारी दुपारपासून मंगळवारी पहाटेपर्यंत पासष्ट तास. म्हणजे काहीतरी हळूहळू गळत होते, आणि जिथे उभे राहण्याचा काळ मोठा तिथे ती गळती उघड होत होती. गाडी बंद पडण्याला साडेसाती वगैरे काही कारण नव्हते, साधे गणित होते.

हे गणित समजायला बॅटरी म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आज आपल्या मोटारीत असते ती मुळात तीच. आत सहा घरे असतात. एकेका घरातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, म्हणून आपण जिला बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी पूर्ण भरलेली असली आणि काही तास शांत ठेवलेली असली तर मीटरवर १२.६ च्या आसपास दिसते. १२.२ दिसले तर ती अर्धी रिकामी झाली असे समजावे. १२ च्या खाली गेली तर स्टार्टरने तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवा. तेवढा दिसला तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. मेस्त्रींनी पहिल्यांदा हेच पाहिले. आमच्या गाडीत १४.१ आले. म्हणजे कमावणारा ठीक कमावत होता. नव्या अल्टरनेटरचा खर्च तिथेच वाचला.

आता खर्चाची बाजू. बॅटरीवर ‘३५ एएच’ असे लिहिलेले असते, म्हणजे पस्तीस अँपिअर-तास. एक अँपिअर प्रवाह घेतला तर ढोबळ मानाने पस्तीस तास पुरेल एवढी तिची शिदोरी. आपल्याला वाटते की सगळ्यात मोठा खर्च गाडी सुरू करताना होतो. स्टार्टर शे-दीडशे अँपिअर ओढतो, हे खरे. पण तो ओढतो एक-दोन सेकंद. हिशेब केला तर एका वेळेला एक अँपिअर-तासाचा दहावा हिस्सासुद्धा खर्च होत नाही. उलट, एक बारीकशी गळती, समजा अँपिअरचा जेमतेम पाचवा हिस्सा, दहा तासांच्या एका रात्रीत वीस वेळा गाडी सुरू करण्याइतकी वीज पिऊन टाकते. आणि त्याचा आवाज होत नाही, उजेड दिसत नाही, वास येत नाही. थेंबे थेंबे तळे साचते तसे ते थेंबे थेंबे रिकामेही होते.

सगळीच गळती चोरी नसते, हेही सांगायला हवे. गाडीतल्या घड्याळाला थोडी वीज लागते, टेपरेकॉर्डरला किंवा रेडिओला आपली स्टेशने लक्षात ठेवायला थोडी लागते. जुन्या गाडीत हे सगळे मिळून वीस-पंचवीस मिलिअँपिअर भरते. नव्या गाड्यांत संगणक असतात, तिथे पन्नासपर्यंत चालते. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. पंचवीस मिलिअँपिअरने पस्तीसची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला अठ्ठावन्न दिवस लागतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दोन महिन्यांनी कितीतरी निरोगी गाड्या दारात मुक्या झाल्या, त्याचे कारण हेच. तिथे कुणाचा दोष नव्हता. पण तीन-चार दिवसांत बॅटरी मान टाकत असेल, तर कुठेतरी नको तो खर्च चालू आहे.

तो शोधायची रीत फार साधी आहे आणि फार धीराची आहे. मेस्त्रींनी गाडीतले सगळे बंद करून चावी काढून घेतली. ड्रायव्हरचे दार उघडे ठेवायचे होते, कारण फ्यूजचा डबा त्याच बाजूला. पण दार उघडे राहिले की आतला दिवा पेटतो आणि हिशेब चुकतो. म्हणून दाराच्या खाचेतले बटण त्यांनी चिकटपट्टीने दाबून ठेवले. डिकीतला दिवा काढून घेतला. मग बॅटरीच्या ऋण टोकाची, म्हणजे काळ्या केबलची, पकड सैल करून केबल बाजूला केली, आणि ती केबल व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला. दहा अँपिअरच्या खाचेत. आता गाडीत जाणारा प्रत्येक थेंब मीटरमधून जाणार होता. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. स्टार्टरचा प्रवाह मीटरला सोसत नाही, त्याचा फ्यूज तरी जातो किंवा मीटरच जातो. ज्यांना हे घरी करायचे असेल त्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. आणि बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. काढताना काळी केबल आधी काढावी, लावताना शेवटी लावावी.

मीटरवर आकडा आला ०.१८. म्हणजे एकशेऐंशी मिलिअँपिअर. मेस्त्रींनी तो खडूने फेंडरवर लिहिला. मी मनातल्या मनात गुणाकार केला. दिवसाला सव्वाचार अँपिअर-तासांहून थोडे जास्त. आठवड्याला तीस. पस्तीसच्या बॅटरीतून आठवड्याला तीस! आमच्या इस्पितळाच्या दोन फेऱ्यांत गाडी एकूण दोन-अडीच तास चालायची, तेवढ्यात ही भरपाई पुरी होत नव्हती. प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्याची उधारी घेऊन सुरू होत होता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी दिवाळे निघत होते. नव्या बॅटरीने इतके दिवस काढले हेच तिचे कौतुक. बॅटरीला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होते.

मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात झाली. फ्यूजच्या डब्यात प्रत्येक फ्यूज म्हणजे एकेका वाटेचा दरवाजा. एक दरवाजा बंद करायचा, मीटर पाहायचा. आकडा तसाच राहिला तर ती वाट निर्दोष. फ्यूज परत लावायचा, पुढचा काढायचा. कवितेच्या कच्च्या खर्ड्यात न जमलेली जागा मी अशीच शोधतो. एकेक शब्द काढून पाहायचा, वाचायचे, परत ठेवायचा. कवितेत मात्र मीटर नसतो, म्हणून आम्हाला वर्षे लागतात.

वायपरचा फ्यूज काढला. ०.१८. हॉर्नचा काढला. ०.१८. पंख्याचा, इंडिकेटरचा, हेडलाइटचा. ०.१८. घड्याळ, रेडिओ आणि आतल्या दिव्याचा मिळून एक फ्यूज होता. तो काढल्यावर आकडा ०.१६ वर उतरला. मला वाटले, सापडले. मेस्त्रींनी मान हलवली. वीस मिलिअँपिअर म्हणजे घड्याळ आणि रेडिओचा रास्त हिस्सा. तो त्यांचा हक्कच. खरा चोर ०.१६ मध्ये होता, आणि तो डब्यातल्या शेवटच्या फ्यूजपर्यंत हलला नाही.

आता ज्याने नुसते फ्यूज काढून पाहायचे ऐकलेले असते तो माणूस इथे हताश होतो आणि ‘सगळे वायरिंग बदला’ या निर्णयाला येतो. मेस्त्री मात्र खूश झाले. त्यांचे म्हणणे असे की डब्यातल्या सगळ्या वाटा निर्दोष ठरल्या हीसुद्धा मिळकतच आहे. मग डब्याला वळसा घालून जाणाऱ्या वाटा उरतात, आणि त्या मोजक्याच असतात. एक, अल्टरनेटरची जाड वायर. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात, झडपेसारखे. एखादा डायोड गेला तर गाडी उभी असताना बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमध्ये झिरपते. दुसरी, स्टार्टरची केबल. आणि तिसरी वाट म्हणजे गाडी कारखान्यातून निघाल्यावर कुणीकुणी मागाहून जोडलेल्या तारा.

त्यांनी काळी केबल पूर्ण सोडवून अल्टरनेटरची वायर काढली, तिचे टोक रबराने गुंडाळले, मीटर पुन्हा जोडला. ०.१६. अल्टरनेटर निर्दोष. मग ते बॅटरीच्या धन टोकापाशी वाकले आणि मला दिवा जवळ धरायला सांगितला. जाड लाल केबलच्या खालून, धुळीच्या रंगाची झालेली एक बारीक तार निघत होती. तिच्यात मध्येच काळ्या नळीत बसवलेला एक फ्यूज होता. त्यांनी नळी उघडून तो फ्यूज उपसला. मीटरवर शून्य आले.

ती तार कुठे जाते? बोटाने तिचा माग काढत आम्ही डाव्या फेंडरच्या आतल्या बाजूला पोहोचलो. तिथे काडेपेटीहून लहान अशी एक काळी चौकोनी डबी स्क्रूने बसवलेली होती. रिले म्हणतात तिला. मेस्त्रींनी फ्यूज परत लावला, दहा मिनिटे थांबायला सांगितले आणि मग म्हणाले, “भाई, हात लावून बघा.”

मी हात लावला. पावसाळी दुपार, इंजिन सकाळपासून थंड, भोवतालचा पत्रा गार. आणि ती एवढीशी डबी कोमट होती. तापलेली नव्हे, नुकत्या विझलेल्या चुलीच्या कडेला लागते तशी कोमट. आत तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. त्यातून वीज गेली की त्याचे लोहचुंबक होते आणि ते मोठ्या दिव्याचा स्विच ओढून धरते. ते वेटोळे रात्रंदिवस वीज घेत होते. मेस्त्रींनी ते मोजले. अठ्ठ्याहत्तर ओहम. साडेबारा व्होल्टला अठ्ठ्याहत्तरने भागले की ०.१६ येतात. गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम आमच्या फेंडरच्या आत तंतोतंत खरा ठरत होता.

पण ही डबी कुणाचा स्विच ओढून धरत होती? श्रोतेहो, ही सगळ्यात विलक्षण गोष्ट. ती फॉगलाइटची होती. घाटात धुके लागते म्हणून आधीच्या मालकाने पुढे दोन पिवळे दिवे बसवले होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तो पूर आपल्याला आठवत असेल. आमची गाडी चढावर उभी होती म्हणून इंजिन वाचले, पण पुढचा बंपर आणि आतली फरशी पाण्यात गेली. त्या दोन दिव्यांत गढूळ पाणी भरले. नंतर एका वर्कशॉपने ते दिवे काढून टाकले. दिवे काढले, तारा आणि रिले तिथेच ठेवले. म्हणजे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या दिव्यांसाठी ही डबी रात्रभर स्विच धरून जागी होती.

उरला शेवटचा प्रश्न. स्विच कुणी दाबलेला नसताना ती जागी कशी झाली? आणि पुरानंतर तीन वर्षांनी का? मेस्त्रींनी डाव्या बाजूचा गालिचा उचलला. त्याखाली जाड नमदा असतो. तो हाताने दाबला तर बोटे ओली झाली. दाराच्या उंबऱ्याच्या खोबणीत पुराचा गाळ अजून होता, वाळून पुन्हा भिजून काळा झालेला. त्या खोबणीतून रिलेची दुसरी तार डॅशबोर्डवरच्या स्विचकडे जात होती. तिला मध्येच जोड दिलेला, जोडावर चिकटपट्टी. चिकटपट्टीचा गोंद ओलीने सुटला होता, आतले तांबे हिरवे पडले होते, आणि जिथे ते टेकत होते तिथे गाडीच्या पत्र्याचा रंग फुगून गंज चढला होता. रंग होता तोपर्यंत तांबे आणि पत्रा यांच्यामध्ये आडपडदा होता. २०२४ च्या पावसात तो पडदा गेला.

या रिलेला एका बाजूने वीज कायम मिळत होती. दुसरी बाजू स्विचने पत्र्याला जोडली की तो चालू होणार, अशी त्याची रचना. वायरमन लोक पत्र्याच्या या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात. अर्थ मिळत नाही, अर्थ कट झाला, असे शब्द त्यांच्या तोंडी सारखे असतात, आणि आम्हा लिहिणाऱ्यांना ते ऐकून गंमत वाटते, कारण आमचेही दुखणे तेच. इथे मात्र उलटे झाले होते. स्विचला वगळून तार थेट पत्र्याला टेकली होती. नको त्या जागी अर्थ लागला होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ती तार, तो रिले, तो स्विच, सगळे मुळापासून काढले. उंबऱ्यातला गाळ खरवडून काढला, गंज घासून त्यावर रंग दिला. गालिचा आणि नमदा घरी नेऊन माळ्यावर पसरायला सांगितले, कारण पावसाळ्यात उन्हाची वाट पाहिली तर दिवाळी येते. बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि आम्लाची ओल यांचा चिकट थर बसला होता. त्यातूनही थोडी वीज एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो थर पुसून घेतला. शेवटी मीटर पुन्हा लावला. ०.०२. घड्याळ आणि रेडिओ, बस्स.

बॅटरीची एक गोष्ट मेस्त्रींनी निघताना आवर्जून सांगितली. रिकामी झालेली बॅटरी तशीच ठेवू नये. वीज देताना तिच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट चढते, भरताना ते उतरते. पण रिकाम्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ते उतरत नाहीत. म्हणजे जी बॅटरी निर्दोष होती ती वारंवार रिकामी राहून खरोखरच निकामी होते. मग दुकानदार म्हणतो, बघा, बॅटरीच खराब निघाली. गळती शोधली नाही तर निर्दोष बॅटरीवर आरोप सिद्धही होतो, तो असा.

हीच रीत नव्या गाडीला थोड्या फरकाने लागू पडते. तिच्यातले संगणक चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत. कुठे पाच-दहा मिनिटे लागतात, कुठे अर्धा तास किंवा जास्तही. तोपर्यंत मीटर मोठा आकडा दाखवतो, त्याने घाबरू नये. आणि फ्यूज काढून परत लावला की ते पुन्हा जागे होतात, म्हणून तिथे जाणकार फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजतात. जिथे वीज वाहते तिथे फ्यूजवर थोडा दाब दिसतो, जिथे वाहत नाही तिथे शून्य. ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांनी काळी केबल आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये बारा व्होल्टचा लहान बल्ब धरून पाहावा. ठळक पेटला तर मोठी गळती आहे. मात्र आमच्यासारखी बारीक गळती बल्ब हमखास दाखवील असे नाही. त्यासाठी मीटरच हवा, आणि साधा मीटर नव्या बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

गाडी जुनी असेल तर एक काम मात्र आजच करून ठेवावे. तिच्यात मागाहून काय काय जोडले होते त्याची आठवण करावी. टेप, सेंट्रल लॉक, चोरघंटा, रिव्हर्सचा हॉर्न, जादा दिवे, मोबाईल चार्ज करायची खाच. त्यातले जे जे काढून टाकले असेल त्याची तार बॅटरीवरून सुटली आहे का, ते बघावे किंवा मेकॅनिकला बघायला सांगावे. वस्तू दिसते, म्हणून ती काढल्याचे आपल्याला समाधान असते. तार दिसत नाही. आपण रोज वापरतो त्या गोष्टींचा खर्च गाडीला पेलतो. जी गोष्ट आता नाही, तिची तार मात्र जोडलेली राहिली, तर तो खर्च सोसत नाही. कोकणातल्या दमट हवेत आणि पूर पाहिलेल्या गाड्यांत तर हे विशेष जपावे.

आमच्या गाडीच्या कप्प्यात आता एक जाड कागद असतो. मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी त्यावर तारीख लिहायची, पहाटे गाडी सुरू करण्याआधीचे व्होल्ट लिहायचे, आणि सहा महिन्यांतून एकदा गळती किती ते लिहायचे. आकडे लिहिण्याचे काम माझ्या पत्नीने स्वतःकडे घेतले आहे. तिच्या पर्समधल्या वहीत तिचे वजन आणि रक्तदाब असतो, आणि गाडीच्या कागदावर गाडीचे व्होल्ट. शेवटची नोंद १२.६ ची आहे. अक्षर तिचेच आहे.